वाचकांचे प्रश्न : रुग्णालयाच्या नोंदींवरून गावाचे आरोग्य कसे कळते?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. रुग्णालयांत रोज हजारो केसपेपर भरले जातात. त्यांवरून एखाद्या गावात किंवा शहरात कोणता आजार वाढतो आहे हे वेळेवर कळते का, आणि कळत नसेल तर का कळत नाही, असा त्या पत्रांचा आशय आहे. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. विषय सर्वांच्या हिताचा असल्याने काही उत्तरे नेहमीपेक्षा मोठी झाली आहेत.

प्रश्न : गेल्या भाद्रपदात आमच्या गल्लीत आठ जणांना डेंग्यू झाला आणि दोघांना दवाखान्यात दाखल करावे लागले. त्याच महिन्यात संपूर्ण शहरात डेंग्यूचे पाचच रुग्ण असल्याची बातमी नगरपालिकेच्या हवाल्याने आली. आकडे दडवले जातात असे समजावे काय?
— एक सेवानिवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा

दडवादडवी कधीच होत नाही, असे मी म्हणणार नाही. मात्र आपण सांगता तेवढी तफावत कोणी काहीही न दडवता पडू शकते आणि बहुतेक वेळा ती तशीच पडते. आपल्या गल्लीतील एका रुग्णाची नोंद कुठवर पोहोचते ते पाहिले म्हणजे हे लक्षात येईल. हा रुग्ण तापाच्या तिसऱ्या दिवशी जवळच्या खासगी दवाखान्यात जातो. तेथे रक्ताचे दोन थेंब तपासणीच्या पट्टीवर टाकले जातात, पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटते आणि डॉक्टर डेंग्यू समजून उपचार सुरू करतात. उपचाराच्या दृष्टीने ते योग्यच आहे. सरकारी मोजणीत मात्र पट्टीवरची रेघ निश्चित निदान मानली जात नाही. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत प्रयोगशाळेतल्या एलायझा पद्धतीची एनएस-वन (विषाणूच्या प्रथिनाची) तपासणी किंवा त्यानंतर आयजीएम (शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांची) तपासणी सकारात्मक आली, तरच रुग्ण निश्चित डेंग्यूचा धरला जातो. ही तपासणी ठरवून दिलेल्या रुग्णालयांत होते आणि आयजीएमचे संच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडून पुरवले जातात. आपल्या गल्लीतील आठांपैकी किती जणांचे रक्त तेथपर्यंत गेले, हे प्रथम विचारायला हवे. बातमीतला पाच हा आकडा निश्चित रुग्णांचा असणार. संशयितांचा आकडा वेगळा असतो आणि तो क्वचितच छापला जातो.

दुसरी गळती खासगी दवाखान्यांपाशी होते. आपल्या देशात २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम चालतो. त्यात आरोग्यसेविका लक्षणांवरून, डॉक्टर निदानावरून आणि प्रयोगशाळा तपासणीच्या निकालावरून, अशा तीन वेगवेगळ्या नमुन्यांत माहिती देतात. पूर्वी ती आठवड्यातून एकदा कागदावर जात असे. २०२१ पासून ती देशभर एका संगणकीय मंचावर भरली जाते. सरकारी केंद्रे हे काम बऱ्यापैकी नेमाने करतात. परंतु राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील पाहणीनुसार रुग्णालयात दाखल होणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक खासगी रुग्णालयांत जातात आणि बाह्यरुग्णांमध्ये हे प्रमाण त्याहूनही मोठे आहे. त्यांच्या नोंदी जर मंचावर आल्याच नाहीत, तर शहराचा अर्ध्याहून अधिक ताप कोणाच्याच हिशेबात येत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तिला पैसेही लागत नाहीत. ती म्हणजे केसपेपरवरचा पत्ता. बहुतेक केसपेपरांवर नावाखाली नुसते शहराचे नाव असते, किंवा ज्या नातेवाइकाकडे रुग्ण उतरला आहे त्याचा पत्ता असतो. डेंग्यूचा डास काही शे मीटरच्या पलीकडे सहसा जात नाही. त्यामुळे 'सातारा' एवढ्याच नोंदीवरून कोणत्या गल्लीतल्या टाक्या आणि पिंपे तपासायची, हे आरोग्य कर्मचाऱ्याला कळू शकत नाही. जी गोष्ट पत्त्याची तीच तारखेचीही. डास चावल्यापासून ताप येईपर्यंत चार ते दहा दिवस जातात, त्यानंतर रुग्ण दवाखान्यात पोहोचेपर्यंत आणखी तीन-चार दिवस. म्हणजे आजची नोंद आपल्या गल्लीची एक ते दोन आठवड्यांपूर्वीची स्थिती सांगते. ताप कोणत्या दिवशी सुरू झाला याऐवजी केवळ दाखल झाल्याची तारीख लिहिली, तर तेवढाही अंदाज बांधता येत नाही.

आपण नगरपालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र लिहून प्रभागनिहाय संशयित आणि निश्चित असे दोन्ही आकडे मागावेत, आणि किती खासगी रुग्णालये माहिती पाठवतात हेही विचारावे. आकडे दडवल्याचा आरोप करण्यापेक्षा या तीन प्रश्नांना उत्तर देणे त्यांना अधिक अवघड जाईल आणि आपल्या गल्लीच्या ते अधिक उपयोगी पडेल.

प्रश्न : २०२५ च्या जानेवारीत पुण्यात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण आढळले, तेव्हा ही साथ आहे हे कशावरून ठरवले? असे रुग्ण तर नेहमीच असतात ना?
— एक वाचक, धायरी, पुणे

असतात, आणि नेहमी किती असतात हे माहीत असल्याशिवाय साथ ओळखता येत नाही. हातापायांतली शक्ती जाऊन लकवा आणणारा हा मज्जातंतूंचा आजार वर्षाला दर लाख लोकांमागे साधारण एक ते दोन जणांना होतो. चाळीस लाखांच्या आसपास वस्तीच्या शहरात त्या हिशेबाने वर्षाला चाळीस ते ऐंशी, म्हणजे महिन्याला तीन ते सात रुग्ण अपेक्षित धरावेत. पुण्यात जानेवारी संपेपर्यंत संशयितांची संख्या शंभराच्या पुढे गेली आणि अखेरीस ती दोनशेहून अधिक झाली. त्यांतील बरेच जण सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या लगतच्या भागांतले होते. संख्या आणि ठिकाण या दोन्ही गोष्टी जुळल्यावर योगायोगाला जागा उरत नाही. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले आणि लक्ष पिण्याच्या पाण्याकडे वळले.

या घटनेत एक बाब नीट पाहण्यासारखी आहे. पोटाचा संसर्ग झाल्यानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांनी हातापायांतली शक्ती जाऊ लागते. म्हणजे अतिदक्षता विभागात नोंद होण्याच्या कितीतरी आधी हेच लोक, आणि त्यांच्याबरोबर लकवा न झालेले त्यांचे शेजारी, जुलाब-उलट्यांसाठी जवळच्या दवाखान्यात येऊन गेलेले असतात. त्या छोट्या दवाखान्यांतले जुलाबाचे आकडे भागवार आणि रोज एकत्र पाहिले जात असतील, तर इशारा मेंदूरोगतज्ज्ञापर्यंत पोहोचण्याआधीच मिळू शकतो. मोठ्या रुग्णालयांची नोंद नेमकी असते, पण ती उशिरा होते; लहान दवाखान्यांची नोंद ढोबळ असली तरी लवकर होते. साथरोगाच्या कामात दोन्ही लागतात, आणि आपल्याकडे लहान दवाखान्यांच्या नोंदीकडे फार दुर्लक्ष होते असे माझे स्पष्ट मत आहे.

लकव्याच्या बाबतीत आपल्या देशाने हे काम एकदा उत्तम करून दाखवले आहे. पोलिओ निर्मूलनासाठी १९९७ पासून पंधरा वर्षांखालील मुलांमधील अचानक आलेल्या लुळेपणाची प्रत्येक नोंद घेतली जाऊ लागली, कारण कोणतेही असो. चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेतले जात. ज्या रुग्णालयात असा एकही रुग्ण आला नाही, त्यानेही दर आठवड्याला 'शून्य' असे कळवायचे होते, कारण रुग्ण नाही म्हणून आलेले मौन आणि कोणी पाहिलेच नाही म्हणून आलेले मौन यांत फरक करता आला पाहिजे. त्याशिवाय, पोलिओ नसतानाही दर लाख मुलांमागे अशा लुळेपणाची निदान एक नोंद व्हायलाच हवी असा निकष होता. एखाद्या जिल्ह्यात त्याहून कमी नोंदी आल्या, तर तेथील मुले निरोगी आहेत असे न मानता तेथील शोध कमी पडतो आहे असे मानले जाई. देशातील पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. त्या प्रमाणपत्रामागे लसीइतकेच या शून्यांचेही बळ होते.

प्रश्न : मी परिचर्या महाविद्यालयात शिकते. प्रकल्पासाठी आम्ही जिल्हा रुग्णालयाच्या वर्षभराच्या नोंदी घेतल्या आणि त्यांवरून जिल्ह्यात कोणत्या आजाराचे प्रमाण किती, हे काढले. परीक्षकांनी 'हे प्रमाण जिल्ह्याचे नाही' असा शेरा मारला. आमचे काय चुकले?
— एक विद्यार्थिनी, लातूर

परीक्षकांचा शेरा बरोबर आहे. रुग्णालयाच्या नोंदी रुग्णालयात कोण आले ते सांगतात; जिल्ह्यात कोण आजारी आहे ते सांगत नाहीत. या दोहोंतले अंतर किती मोठे असू शकते, ते काही खऱ्या उदाहरणांवरून पाहा.

एचआयव्हीचा प्रसार मोजण्यासाठी आपल्याकडे १९९८ पासून निवडक सरकारी रुग्णालयांत गर्भवती स्त्रियांच्या नेहमीच्या तपासणीतले उरलेले रक्त, नाव-गाव काढून टाकून, दरवर्षी ठरावीक काळात तपासले जाई. या आणि अशाच इतर केंद्रांच्या आकड्यांवरून २००५ साली देशात सुमारे ५७ लाख लोकांना एचआयव्हीची लागण असल्याचा संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाचा अंदाज होता. मग तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २००५-०६ मध्ये, घरोघरी जाऊन एक लाखाहून अधिक लोकांचे रक्त तपासले गेले आणि १५ ते ४९ वयोगटातले प्रमाण ०.२८ टक्के निघाले. २००७ मध्ये देशाचा अंदाज सुमारे २५ लाखांवर आणावा लागला. नोंदी खोट्या नव्हत्या. परंतु सरकारी रुग्णालयात येणाऱ्या स्त्रिया सर्व समाजाच्या प्रतिनिधी नव्हत्या, आणि लागण असल्याची शंका आलेल्या स्त्रियांना इतर दवाखाने तेथेच पाठवत असत. त्यामुळे प्रमाण फुगले.

सर्पदंशाची गोष्ट नेमकी उलटी आहे. जन्म-मृत्यूंची नोंद ठेवणाऱ्या भारताच्या महानिबंधकांच्या नमुना नोंदणी योजनेतील घरांत जाऊन, मृत्यू कसा झाला हे कुटुंबीयांना विचारून केलेल्या मोठ्या अभ्यासात २००५ या एका वर्षात देशात सर्पदंशाने सुमारे ४५,९०० मृत्यू झाल्याचा अंदाज निघाला. त्याच दशकात सरकारी रुग्णालयांच्या नोंदींतला वार्षिक आकडा दीड हजाराच्या आसपास घोटाळत होता. सर्पदंशाने मरण पावलेल्यांपैकी पाऊण भागाहून अधिक लोक रुग्णालयात मेलेच नव्हते. ते शेतात, वाटेत किंवा मांत्रिकाच्या दारात गेले.

आणि काही दुखणी अशी असतात, की ती रुग्णालयाच्या रजिस्टरात उमटतच नाहीत. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे दिसले. त्यापूर्वी ज्यांची अशी तपासणी कधीतरी झाली होती, अशा स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. त्या काळी कोणी जिल्ह्यातील रुग्णालयांची रजिस्टरे चाळून स्त्रीरोगांचे प्रमाण काढले असते, तर ते जवळजवळ काही नाही असेच आले असते. संकोच, अंतर, मजुरी बुडण्याची भीती आणि बाई डॉक्टर नसणे, यांपैकी कशालाच रजिस्टरात रकाना नसतो.

म्हणून तुमच्या प्रकल्पात तुम्ही दोन सुधारणा करू शकता. पहिली, रुग्ण नेमके कोठले ते पाहा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात देशभरातून कर्करुग्ण येतात. तेथील सर्व रुग्ण मुंबईचे धरले तर या शहराविषयी भलताच निष्कर्ष निघेल. म्हणूनच १९६३ पासून चालणारी मुंबईची कर्करोग नोंदणी रुग्णालयारुग्णालयांतून माहिती गोळा करते, परंतु किमान एक वर्ष मुंबईत राहिलेल्या रुग्णांचीच गणना करते, आणि मगच त्या संख्येला लोकसंख्येने भागते. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण नोंदणीचे, देशातील अशा पहिल्याच नोंदणीचे, कर्मचारी तर रुग्णालयाच्या कागदांवर न थांबता गावांत जाऊन रुग्ण शोधत. दुसरी सुधारणा अशी, की प्रमाण काढण्याचा हट्ट सोडून बदल मोजा. त्याच रुग्णालयात, त्याच पद्धतीने, गेल्या पाच वर्षांच्या त्याच महिन्यांत कावीळ किंवा जुलाबाचे किती रुग्ण आले आणि यंदा किती आले, याची तुलना करता येते. येणारा समाज फारसा बदलला नसेल, तर आकडा अपुरा असूनही चढउतार खरा असतो. एचआयव्हीचा एकूण अंदाज चुकला, तरी त्याच केंद्रांवरून दिसलेली वर्षागणिक उतरण धोरणासाठी उपयोगी ठरली, हे विसरू नका.

प्रश्न : सासूबाई रुग्णालयात वारल्या. तेथून मिळालेल्या कागदावर मृत्यूचे कारण 'हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे' असे लिहिले आहे. त्यांना वीस वर्षे मधुमेह होता आणि पायाची जखम चिघळली होती. याने काही फरक पडतो का?
— एक वाचक, मडगाव

आपल्या कुटुंबाच्या दुःखात मी सहभागी आहे. होय, फार फरक पडतो. हृदय आणि श्वास बंद पडणे ही प्रत्येकच मृत्यूची अखेरची अवस्था आहे. ते कारण नव्हे. रुग्णालयातील मृत्यूसाठी डॉक्टर जो नमुना चार भरतात, त्याच्या पहिल्या भागात एकाखाली एक ओळी असतात. वरच्या ओळीत मृत्यूला थेट कारण झालेली अवस्था, तिच्याखाली ती अवस्था कशामुळे आली ते, आणि शेवटच्या ओळीत या साखळीचे मूळ लिहायचे असते. दुसऱ्या भागात मृत्यूला हातभार लावणारे इतर आजार येतात. आपल्या सासूबाईंच्या बाबतीत, डॉक्टरांचे निदान तसे असेल तर, वर रक्तातील जंतुसंसर्ग, खाली पायाचा गँगरीन आणि शेवटी मधुमेह, अशी मांडणी झाली असती. आकडेवारीत गणती होते ती सर्वसाधारणपणे या शेवटच्या ओळीची. ती रिकामी राहिली, की मधुमेहाने घेतलेला एक बळी हिशेबातून निसटतो, आणि तालुक्याच्या रुग्णालयात पायाच्या जखमांची काळजी घेणारा विभाग हवा की नको, हे ठरवताना त्या बळीची दखल घेतली जात नाही.

मृत्यूच्या कारणांच्या वैद्यकीय प्रमाणपत्रांविषयीच्या २०२० च्या सरकारी अहवालानुसार देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्के मृत्यूंचेच कारण वैद्यकीय प्रमाणपत्राने कळले होते. गोव्याची स्थिती याबाबत देशात सर्वांत चांगल्या राज्यांपैकी आहे, म्हणून तर प्रमाणपत्र असूनही त्यात कारण नसावे याचे वाईट वाटते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने वैद्यकीय संस्थांवर हे प्रमाणपत्र देण्याचे बंधन आणखी स्पष्ट केले आहे. आपण उपचार करणाऱ्या डॉक्टरांना भेटून, शांतपणे, मूळ कारणाची ओळ भरण्याची विनंती जरूर करावी.

प्रश्न : रुग्णालयात 'आभा' क्रमांक मागतात. दिला तर माझ्या आजाराची माहिती सरकारकडे जाईल का? नाही दिला तर उपचार नाकारतील का?
— एक वाचक, ठाणे

चौदा अंकी आभा क्रमांक, म्हणजे आपल्या आरोग्याच्या नोंदी एकत्र जोडणारा डिजिटल ओळखक्रमांक, ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. साथरोगांची माहिती कळवणे ही त्याहून वेगळी व्यवस्था आहे आणि ती आभा नसतानाही चालते. क्षयरोगासारख्या आजारात नाव-पत्ता कळवला जातो, कारण घरच्यांची तपासणी आणि रुग्णाचा औषधोपचार पूर्ण करायचा असतो. एचआयव्हीसाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा गोपनीयतेचे संरक्षण देतो.

आपली शंका रास्त आहे, आणि ती केवळ नाव काढून टाकल्याने मिटत नाही. आठशे वस्तीच्या गावातील 'अठ्ठ्याहत्तर वर्षांची स्त्री, क्षयरोग' एवढी ओळ फलकावर लागली, तर साऱ्या गावाला ती कोण हे कळते. लहान गावांचे आकडे तालुक्यात मिसळूनच प्रसिद्ध करावेत, आणि नाव-पत्ता ज्याला घरी जायचे आहे त्या कर्मचाऱ्यापुरताच राहावा, असा आग्रह आपण सर्वांनी धरला पाहिजे. लोकांचा विश्वास उडाला तर ते खोटा पत्ता देतील, आणि मग सगळी नोंदणीच निरुपयोगी होईल.

प्रश्न : तालुक्याच्या गावी माझे दहा खाटांचे रुग्णालय आहे. माहिती पाठवण्याची इच्छा आहे, पण वेगळा कारकून ठेवणे परवडत नाही. निदान किती केले तर उपयोग होईल?
— एक डॉक्टर, बीड जिल्हा

आपण विचारलेत याचा मला मनापासून आनंद झाला. क्षयरोगाबाबत निवड आपल्या हाती नाही: ७ मे २०१२ च्या आदेशाने खासगी डॉक्टरांनाही प्रत्येक रुग्ण कळवणे बंधनकारक झाले आणि २०१८ पासून न कळवणाऱ्यावर कारवाईची तरतूद आहे, ती नोंद निक्षय या क्षयरोगाच्या सरकारी पोर्टलवर करावी. बाकी आजारांसाठी बाह्यरुग्ण रजिस्टरात वय, लिंग, गाव व वस्ती, लक्षणे सुरू झाल्याची तारीख आणि तात्पुरते निदान एवढे पाच रकाने परिचारिकेकडून काटेकोरपणे भरून घ्यावेत. निदान होण्याची वाट न पाहता ताप, पुरळासह ताप, जुलाब, कावीळ आणि अचानक आलेला लुळेपणा यांची रोजची बेरीज जिल्हा सर्वेक्षण कक्षाला कळवली, तरी मोठे काम होते. वर सांगितलेल्या रोग सर्वेक्षणाच्या संगणकीय मंचावर आपल्या संस्थेची नोंद तोच कक्ष करून देतो.

कमी साधनांत हे साधते याचा दाखला जुना आहे. तमिळनाडूतील तेव्हाच्या उत्तर अर्काट जिल्ह्यात, १९८० च्या दशकात, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे डॉ. टी. जेकब जॉन यांनी डॉक्टरांना छापील पोस्टकार्डे दिली होती. आजार, वय आणि पत्ता एवढेच लिहून कार्ड पेटीत टाकायचे. सरकारी आणि खासगी दोन्ही डॉक्टर ती पाठवत, आणि त्यांना दरमहा जिल्ह्यात काय चालले आहे हे सांगणारे छोटे पत्रक परत मिळे. माझ्या मते ती योजना चालली याचे मोठे कारण ते परतीचे पत्रक होते. एकतर्फी माहिती पाठवण्याचा कंटाळा कोणालाही येतो. म्हणून पहिला अहवाल पाठवतानाच जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांकडे आपल्या तालुक्याचा मासिक गोषवारा लेखी मागा, आणि तो आला की भारतीय वैद्यक संघटनेच्या आपल्या शाखेच्या बैठकीत इतर डॉक्टरांसमोर ठेवा.